टर्बो गाडीला गार हवा पाजायची असेल तर

एप्रिलमधली दुपार. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलेलं. पुढं रिक्षा, मागं भाजीचा टेम्पो, बाजूला दोन बुलेट. माझ्या डॅशबोर्डवर माशांच्या टाकीत वापरतात तो छोटा डिजिटल थर्मामीटर चिकटवलेला होता. त्याची वायर बोनेटच्या फटीतून आत सोडून टोक एअर फिल्टरला टेकवलं होतं. बाहेर ३६ अंश. गेट पडलं तेव्हा फिल्टरपाशी ४४ होते, मालगाडी जाऊन गेट उघडेपर्यंत ६३ झाले.

त्या दिवशी गाडीत कंपनीचा फिल्टर बॉक्स नव्हता. तो काढून मी लाल रंगाचा उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर बसवला होता, बोनेटखाली, इंजिनाच्या शेजारीच. अशा फिल्टरच्या खोक्यावर ‘कोल्ड एअर इंटेक’ असं लिहिलेलं असतं. गाडी सुरू केली की सूंऽऽ असा टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, आवाज यायचा आणि गाडी जास्त पळते असं मनापासून वाटायचं. थर्मामीटर मात्र सांगत होता की मी इंजिनाला भट्टीजवळची हवा पाजतोय.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आता एक लिटरच्या आसपासच्या टर्बो पेट्रोल गाड्या गल्लोगल्ली दिसतात. त्या घेणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न हाच असतो, घरच्या घरी इंटेक, म्हणजे इंजिनाला हवा नेणारी वाट, बदलून पिकअप वाढेल का? उत्तर आहे, पण ते समजायला हवेचा सगळा प्रवास बघावा लागतो.

गार हवा चांगली का, तर गार हवा दाट असते. तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते, म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि जाळता येणारं पेट्रोलही जास्त. ढोबळ हिशोब असा की हवा तीन अंशांनी तापली की दाटपणा सुमारे एक टक्का घटतो. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाने ३५ ऐवजी ६० अंशांची हवा घेतली, तर जवळजवळ साडेसात टक्के हवा कमी मिळते. हे पायाला लगेच जाणवतं.

टर्बोचं प्रकरण वेगळं आहे. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, तसंच टर्बोही हवा दाबताना तिला तापवतो. दाब दुप्पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३५ अंशांची हवा बाहेर पडताना १३० अंशांच्या आसपास जाते. म्हणून पुढं इंटरकूलर असतो. हवेसाठीचा रेडिएटरच म्हणा ना. बाहेरच्या वाऱ्याने तो ही उष्णता काढून घेतो. इंटरकूलर फरकातली तीन चतुर्थांश उष्णता काढतो असं धरलं, तर इंजिनात जाणारी हवा साधारण ५९ अंशांची होते.

आता फिल्टरपाशी ३५ च्या जागी ६० अंशांची हवा धरा. टर्बोतून ती १६४ अंशांनी बाहेर पडेल आणि इंटरकूलरनंतर ६७ वर येईल. म्हणजे तोंडाशी २५ अंशांचा फरक होता, तो इंजिनापर्यंत पोचेपर्यंत ८ अंशांवर आला. दाटपणातला फरक जेमतेम अडीच टक्के. इंटरकूलर असलेल्या गाडीत तोंडाशी हवा गार करून जेवढं मिळेल असं आपल्याला वाटतं, त्याचा मोठा भाग इंटरकूलरने आधीच मिळवून दिलेला असतो.

तरीही तोंडाशी तापलेली हवा चांगली नाहीच. गेटवर उभ्या गाडीच्या इंटरकूलरवरून वारा जात नाही, त्यामुळे तोही तापून बसतो. हवा गरम आली की इंजिनात नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो. तो टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा देतो आणि गाडी आळसावते. शिवाय हवा विरळ असली की ठरलेला दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. आपल्याकडं तर त्याला आधीच जादा काम आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि इथला हवेचा दाब गोव्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की साध्या इंजिनाच्या गाडीला जोर आल्यासारखा वाटतो, टर्बोवाल्याला तेवढा फरक जाणवत नाही. कारण ही तूट टर्बो जादा फिरून भरून काढत असतो.

मग टर्बो गाडीत इंटेकचं खरं काम कोणतं? टर्बोला हवा ओढायला त्रास होऊ न देणं. हे मला पुस्तकातून कळलं नाही. उद्यमबागेत लेथ चालवणारे एक अण्णा आहेत. त्यांच्याकडं मी ॲल्युमिनियमची पाईप घेऊन गेलो, वाकवून द्या म्हणून. त्यांनी पाईप हातात घेतली, फिरवून बघितली आणि विचारलं, “एवढं सगळं काय करालास रे? आधी गाडी किती जोर लावून ओढतीय ते तरी मोजलास काय?”

मोजलं नव्हतं. कसं मोजायचं तेही माहीत नव्हतं.

मोजायचं साधन मात्र इथल्या प्रत्येक गवंड्याकडं असतं, लेव्हल काढायची पारदर्शक नळी. रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून मी तशी नळी आणली आणि एका प्लायच्या पट्टीवर यू आकारात तारेनं बांधली. दोन्ही बाजू ६० सेंटिमीटरपेक्षा उंच ठेवल्या. त्यात कपड्याच्या निळीचं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं. एक टोक उघडं, दुसरं टोक फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या जागेला जोडलेलं. टर्बो हवा ओढतो तेव्हा तिथला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग एका बाजूचं पाणी वर चढतं आणि दुसऱ्या बाजूचं उतरतं. दोन पातळ्यांमधला फरक सेंटिमीटरमध्ये मोजायचा. जेवढे सेंटिमीटर, तेवढा टर्बोला ओढायचा त्रास.

करणार असाल तर दोन गोष्टी अगदी नीट करा. नळी जोडायला फिल्टर बॉक्सच्या झाकणाला भोक पाडावं लागतं. ते झाकण गाडीतून पूर्ण काढून, बाहेर नेऊन पाडायचं. प्लॅस्टिकचा एक कणसुद्धा आत राहता कामा नये. पुढं टर्बोचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेत असतं आणि त्या वेगात कण म्हणजे गोळीच. भंगार बाजारातून जुनं झाकण मिळालं तर त्यालाच भोक पाडा, मूळ झाकण शाबूत राहतं. दुसरं असं की नळी आणि झाकणाच्या मध्ये एक रिकामी, घट्ट बुचाची बाटली ठेवा, म्हणजे चुकून पाणी ओढलं गेलंच तर ते बाटलीत अडकेल. आकडा वाचायचं काम शेजारी बसणाऱ्याचं, गाडी चालवणाऱ्याचं नाही. पहाटेचा मोकळा रस्ता, तिसरा गिअर, पूर्ण ॲक्सिलरेटर, आणि मोबाईलवर नळीचं चित्रीकरण.

कंपनीचा बॉक्स परत बसवून मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा आकडा २७ सेंटिमीटर आला. नवा कागदी फिल्टर घातला, २२ आला. बॉक्सच्या पुढची, बाहेरची हवा आणून देणारी अरुंद तोंडाची डक्ट तात्पुरती काढली, १५. एका सकाळीत सगळं उघड झालं. अडथळा फिल्टरच्या कागदात फारसा नव्हता. एक भाग माझ्या जुन्या, मळलेल्या फिल्टरमध्ये होता आणि त्याहून मोठा भाग त्या चिंचोळ्या तोंडात.

कागदी फिल्टरबद्दल आपल्याकडं उगीच कमीपणा आहे. माझ्या फिल्टरच्या घड्या मी मोजल्या. ४४ घड्या, प्रत्येक ४ सेंटिमीटर खोल आणि १७ सेंटिमीटर लांब. घडीच्या दोन्ही बाजू धरल्या तर सगळा कागद सुमारे ०.६ चौरस मीटर भरतो, म्हणजे वर्तमानपत्राचा पूर्ण उघडलेला दीडेक ताव. एवढा पसारा त्या वहीएवढ्या चौकटीत बसवलेला असतो. बाजारातल्या छोट्या कोन फिल्टरच्या घड्या मोजून बघा, बहुतेक वेळा त्यात एवढं क्षेत्रफळ निघत नाही. त्यात आपल्या भागातली धूळ. खानापूर रोडची तांबडी माती, अथणीकडची काळी, आणि गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं राहिलं की जे काही उडतं ते. ही धूळ फिल्टरने अडवली नाही तर ती सँडपेपरसारखी टर्बोचं चाक आणि सिलिंडरच्या भिंती घासते. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर ते पुढं उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं, आणि तो चुकीचं मोजायला लागतो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. कंपनीचा बॉक्स आणि कागदी फिल्टर ठेवा, वेळेआधी बदला, आणि हात घालायचाच असेल तर बॉक्सच्या आधीच्या डक्टला घाला. फिल्टरच्या आधी काही चुकलं तर फिल्टर सांभाळून घेतो, फिल्टरच्या नंतर चुकलं तर सांभाळणारं कुणी नाही.

डक्टचं तोंड एवढं महत्त्वाचं का, त्याचा हिशोब सोपा आहे. एक लिटरची ११० हॉर्सपॉवरची गाडी पूर्ण जोरात असताना सेकंदाला ऐंशीएक लिटर हवा ओढते. चार मोठ्या बादल्या, दर सेकंदाला. ६० मिलिमीटरच्या पाईपमधून ती जायची तर वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो. पाईप ५० मिलिमीटरची केली तर वेग जवळजवळ दीडपट होतो, आणि अडथळा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो दुप्पट होतो. दहा मिलिमीटरचा हा खेळ आहे. तोंडाची कडा करवतीने कापल्यासारखी धारदार असली तर हवा कडेवरून नीट वळत नाही, आत भोवरे तयार होतात आणि पाईपचं भोक आहे त्यापेक्षा लहान असल्यासारखं वागतं. कडा लाऊडस्पीकरच्या कर्ण्यासारखी बाहेर वळवली की हा तोटा जवळजवळ नाहीसा होतो. अण्णांनी मला नायलॉनच्या गट्ट्यातून असं तोंड लेथवर काढून दिलं. बोट फिरवलं तर कुठं कड लागत नाही, इतकं गुळगुळीत.

ते तोंड मी ग्रिलच्या मागं, रेडिएटरच्या वरच्या पट्टीपाशी आणलं. हवा बाहेरून येते आणि जागा उंच आहे. मधली पाईप ६५ मिलिमीटरची, शक्य तितकी सरळ. बॉक्स आणि इंजिनाच्या मध्ये एक मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा आडोसा, आणि पत्र्याच्या वरच्या कडेला दाराच्या फटीला लावतात ती रबरी पट्टी, बोनेट बंद झाल्यावर वरून गरम हवा येऊ नये म्हणून. पुन्हा मोजलं, १४ सेंटिमीटर. त्याच गेटवर पुन्हा उभा राहिलो तेव्हा बॉक्सच्या आतली हवा पंचेचाळिशीच्या पुढं गेली नाही.

आता कमाई किती ते सांगतो. २२ चे १४ झाले, म्हणजे ८ सेंटिमीटर पाण्याचा दाब वाचला. बेळगावच्या हवेचा एकूण दाब अशा मापात साडेनऊशे सेंटिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे वाचला तो एक टक्क्याहूनही कमी. तोही सगळा ताकदीत उतरत नाही, कारण किती बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, द्यायचा हे ईसीयू ठरवतो. हवा सोपी मिळाली तर तो टर्बोला तेवढं कमी फिरवतो. हाती काय लागतं, तर बूस्ट किंचित लवकर येतो, गेट उघडल्यावरचा आळस कमी होतो आणि टर्बोचे कष्ट वाचतात. आणि हे लक्षात घ्या की मळका फिल्टर बदलून मला ५ सेंटिमीटर मिळाले होते, काहीशे रुपयांत, स्क्रूड्रायव्हर सोडून काही हातात न घेता. ‘घरगुती इंटेकने १५-२० हॉर्सपॉवर वाढली’ असं कुणी सांगत असेल तर त्याला नळी दाखवायला सांगा.

पाईप कशाची वापरावी हा नेहमीचा प्रश्न. बाथरूमची पांढरी पीव्हीसी पाईप स्वस्त आणि हाताशी असते, पण ऐंशी अंशांच्या आसपास ती मऊ पडते. पेट्रोल टर्बोच्या एक्झॉस्टच्या बाजूला वायू ८००-९०० अंशांपर्यंत तापतात, आणि त्या भागापासून वीतभर अंतरावर ऐंशी अंश ही काही मोठी गोष्ट नाही. मऊ झालेली पाईप ओढीने चपटी होते, नेमकी घाट चढताना. पुढं ग्रिलपाशी, फिल्टरच्या आधीच्या भागात ती एकवेळ चालेल. फिल्टर ते टर्बो या भागात घरगुती काही नकोच. इंजिन त्याच्या माउंटिंगवर सतत हलत असतं आणि बॉक्स बॉडीला बांधलेला असतो, म्हणून मध्ये लवचीक रबर लागतं. कडक पाईप एकतर तडकते किंवा क्लिपमधून निसटते. टर्बोनंतरच्या, दाबाच्या पाईपना तर अजिबात हात लावू नका.

त्याच भागात आणखी दोन बारीक नळ्या येतात, कोन फिल्टर बसवणारे ज्यांना विसरतात. एक इंजिनाच्या ब्रीदरची, क्रँककेसमधले तेलकट वायू परत आत नेणारी. ती उघडी सोडली की बोनेटखाली तेलाचा थर साचतो आणि जळक्या तेलाचा वास गाडीत येतो. दुसरी, काही गाड्यांत असते ती, ॲक्सिलरेटर सोडल्यावर साठलेला दाब टर्बोच्या तोंडाशी परत सोडणारी. आणि ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर पाईपमध्येच बसवलेला आहे, तिथं पाईपचा व्यास बदलणं म्हणजे तराजूचं वजन बदलणं. सेन्सर फक्त त्याच्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग ओळखतो, एकूण हवा किती हे ईसीयू मूळ व्यास धरून काढतो. ६० ची जागा ७० ने घेतली तर आडवा छेद ३६ टक्क्यांनी वाढतो, हवा संथ जाते, ईसीयूला ती कमी वाटते आणि पेट्रोल कमी पडतं. टर्बो इंजिनात पेट्रोल कमी पडणं म्हणजे पिस्टन जाळायची तयारी.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ वर्णनात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. डक्टचं तोंड त्यात येत नाही, पण गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा. इंजिनाचा मोठा खर्च निघाला तर तुमच्या हातचा एक क्लॅम्पसुद्धा वादाला पुरेसा होतो.

आणि पाऊस. या भागात यावर सर्वांत जास्त बोलायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ थेट हायवेवर आलं होतं. जांबोटी, कणकुंबी, आंबोलीच्या बाजूला पुराची गरजही नाही, एका वळणावर ओढा रस्त्यावर उतरलेला असतो. गार हवेच्या नादात फिल्टर बंपरच्या आत, चाकाजवळ खाली नेलेला असेल, तर ती गाडी पंपासारखी पाणी ओढते.

किती पाण्याने इंजिन मोडतं? एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरचे ३३३ मिलिलिटर, कॉम्प्रेशन रेशो १० असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त ३७ मिलिलिटर. अर्ध्या कप चहापेक्षाही कमी. पाणी दाबलं जात नाही. तेवढ्या जागेत त्याहून जास्त पाणी शिरलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या ओळखीच्या एकाची गाडी अशी गेली. गुडघाभरही पाणी नव्हतं. गाडी बंद पडली, त्यानं लागोपाठ तीनदा सेल्फ मारला, आणि तिसऱ्यांदा आतून जो आवाज आला तो तो अजून सांगतो. साध्या विम्यात असं नुकसान सहसा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचाच नाही, ढकलून बाहेर काढायची.

कंपनीच्या डक्टचं तोंड उंच आणि आडोशाला असतं ते याचसाठी. बॉक्सच्या तळाला एक बारीक भोक असतं, आत आलेलं पाणी निथळून जायला. पुष्कळ जण ते लीकेज समजून सिलिकॉनने बंद करतात, तसं करू नका. कागदी फिल्टर भिजला की फुगतो आणि हवा अडवतो, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून बोट लावून बघावं.

माझी कर्ण्याच्या तोंडाची डक्ट चार स्क्रूंवर आहे. मृग लागायच्या आत ती उतरते, धुऊन माळ्यावर जाते आणि कंपनीची चिंचोळी डक्ट परत जागेवर बसते. नळीवर आकडा पुन्हा २२ येतो. दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आदल्या दिवशी नवा फिल्टर घालतो आणि ते चार स्क्रू पुन्हा काढतो.